वाजवून घेतलेली बोट

उन्हाळ्याच्या तोंडाला माठ घ्यायला गेलेली बाई माठाच्या नक्षीकडे फारसं बघत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारते आणि कान देते. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. दोनशे रुपयांच्या माठाला आपण ही परीक्षा लावतो. असं असताना काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या दोन मित्रांनी वर्गणी काढून अठ्ठावीस फुटांची, जुनी, फायबरग्लासची शिडाची बोट विकत घेतली, ती मात्र न वाजवता.

आम्ही काय बघितलं? केबिनमधल्या गाद्या नव्या होत्या. बाहेरून ताजा पांढरा रंग होता. छोटा फ्रिज चालू होता. स्पीकर उत्तम वाजत होता (वाजवून बघितलेली वस्तू ती एवढीच). विकणारे गृहस्थ सभ्य होते, त्यांनी चहा पाजला. एवढ्यावर आम्ही इसार देऊन मोकळे झालो. पुढे विमा कंपनीने सर्व्हेचा अहवाल मागितला, तेव्हा बोट पाण्याबाहेर काढून खाडीकाठी टेकूंवर उभी केली आणि गुहागरकडचे एक वयस्कर सर्व्हेअर आले. पिशवीत टॉर्च, आरसा, खडू, टोच्या आणि प्लास्टिकच्या डोक्याची लहानशी हातोडी. त्यांनी नाळेपासून सुरुवात केली आणि वीत-वीत अंतरावर ठोकत निघाले. टक्, टक्, टक्, टक् आणि मग थप्. थप् आलं की खडूने एक गोल. दोन तासांत आमची पांढरीशुभ्र बोट देवी आलेल्या पोरासारखी दिसायला लागली. एका गोलात त्यांनी टोच्याने जरासं उकरलं. आतून दोन थेंब आले. ते बोटावर घेऊन त्यांनी माझ्या नाकापाशी धरले. व्हिनेगरसारखा आंबट वास होता.

“साहेब,” ते म्हणाले, “गाद्या मात्र छान आहेत.”

बोटाने बोट वाजवून बघावी, हा विनोद आमच्यातल्या एकाला तेव्हा सुचला. पण उशिरा सुचला. बोटीचा सर्व्हे आणि विमा यांवरच्या या पुस्तकाचं मूळ त्या दुपारी आहे.

यॉट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेनटाचा वाढदिवस येतो. या पुस्तकाला त्या यॉटशी कर्तव्य नाही. तिच्या मालकाकडे वकील आहेत, एजंट आहेत, पगारी कॅप्टन आहे. मुंबई बंदरात, मांडव्याला, गोव्यात मांडवी-झुआरीच्या मुखाशी अशा कितीतरी बोटी डुलताना दिसतात ज्या दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेल्या असतात, ज्यांचा मालक शनिवारी स्वतः डेक घासतो आणि ज्यांच्या विम्याची पॉलिसी कपाटात फ्लॅटच्या कागदांखाली पडलेली असते. हे पुस्तक त्या मालकांसाठी आहे. शिडाच्या बोटींचा शौक आपल्याकडे नवा नाही. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. नौदलाची शिडाची बोट ‘म्हादई’ गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदल अधिकारी दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाले. बोटी बांधणं आणि हाकणं या दोन्ही गोष्टी आपल्याला येतात. बोटीची कागदपत्रं वाचणं मात्र आपण दुसऱ्यावर सोपवतो.

आधी ‘सर्व्हेअर’ या शब्दाचा गुंता सोडवायला हवा. मराठी घरात सर्व्हेअर दोन प्रकारचे. एक जमिनीची मोजणी करणारा. दुसरा स्कूटर आपटल्यावर गॅरेजमध्ये येऊन फोटो काढणारा. ‘सर्व्हेअर येऊन गेला का?’ या प्रश्नात गाडी आधीच आपटलेली आहे हे गृहीत असतं. बोटीच्या जगात हा दुसरा माणूस आहेच, पण त्याच्याआधी आणखी एक येतो, आणि त्याला बोलावण्याचा खर्च बोट घेणाऱ्याने करायचा असतो. घेण्याआधीचा सर्व्हे, विम्यासाठी अवस्था आणि किंमत ठरवणारा सर्व्हे, आणि अपघातानंतर नुकसानीचा सर्व्हे, ही तीन वेगळी कामं आहेत. चौथं सरकारी. यांत्रिक बोटींच्या नोंदणीसाठी आणि प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड किंवा गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स यांच्याकडून होणारी तपासणी. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून ही चौकट नव्याने आखली. सरकारी प्रमाणपत्र बोटीवर किती माणसं न्यायची, लाइफजॅकेट किती हवीत, हे सांगतं. तुम्ही मोजलेल्या पैशांना ती बोट लायक आहे का, हे ते सांगत नाही. ‘साहेब, सर्व्हे झालेला आहे’ असं विकणारा म्हणाला, तर चारांतला कोणता, एवढं विचारा. निम्मे सौदे तिथेच शुद्धीवर येतील.

समुद्राच्या धोक्याला किंमत लावण्याची अक्कल आपल्याकडे लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराच्या कितीतरी आधीची. कौटिल्याने कर्जावरच्या व्याजाचे महिन्याचे दर बांधून दिले आहेत. साध्या व्यवहाराला शेकडा सव्वा, व्यापाराला पाच, जंगलातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. लाटेला वाघापेक्षा दुप्पट भाव! पश्चिम किनाऱ्यावरच्या पेढ्यांत पुढे जोखमी हुंडी चालत असे. माल सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा एकाच कागदावर. अशा हुंडीत पैसे घालणारा सावकार गलबत आणि तांडेल दोघांनाही ओळखून असणार. ओळखीवर सगळं चालत होतं, तोवर वेगळा सर्व्हेअर लागत नव्हता.

लंडनमध्ये ती ओळख पुरेनाशी झाली. १६८० च्या दशकात एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे मालक आणि जोखीम घेणारे व्यापारी जमू लागले. न पाहिलेल्या जहाजावर सही करायची, तर ते जहाज कुणीतरी बघितलेलं पाहिजे. म्हणून १७६० मध्ये त्याच वर्तुळातून जहाजांची नोंदवही ठेवणारी संस्था निघाली. सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू ही इंग्रजी स्वरांची श्रेणी, आणि दोर-नांगर-शिडं या सरंजामाला आधी अक्षरं, मग आकडे. उत्तम सांगाडा आणि उत्तम सरंजाम म्हणजे ए-वन. मुंबईत वडापावाला आपण जी पदवी देतो, ती मूळची जहाजाच्या सर्व्हेची.

आता बोटीकडे. पुस्तकाचा अर्धा भाग सर्व्हेअर काय बघतो यावर आहे. तो सगळा इथे सांगत नाही. पण तीन गोष्टींपाशी थांबतो, कारण या तिन्ही वरून दिसत नाहीत.

पहिली त्या व्हिनेगरची. फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांत मुरवलेलं रेझिन आणि त्यावर गेलकोटचा गुळगुळीत थर. हा थर पूर्ण जलरोधक असतो अशी समजूत आहे, पण त्यातून वर्षानुवर्षं पाणी कणाकणाने आत जातं. आत रेझिनमधली नीट न जमलेली रसायनं त्या पाण्यात विरघळतात, आंबट द्रव होतो, आणि तो द्रव आणखी पाणी ओढतो. पाण्यात टाकलेली मनुका फुगते, त्यातलीच गोष्ट. बाहेर फोड येतात. याला ऑस्मॉसिस म्हणतात. या रोगाने बोट सहसा बुडत नाही, पण तिची किंमत बुडते, आणि दुरुस्ती म्हणजे गेलकोट सोलून, आतला भाग धुऊन, पूर्ण वाळवून, मग इपॉक्सीचे थर चढवणं. यात ‘पूर्ण वाळवून’ हे शब्द कोकणकिनाऱ्यावर जीव खातात. बोट आपण पाण्याबाहेर काढतो ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात इथे पापडसुद्धा वाळत नाही. म्हणजे वाळवायला ऑक्टोबरची वाट बघायची आणि जेव्हा वारा छान, समुद्र शांत, तेव्हाच बोट टेकूंवर. आमचा एक अख्खा हंगाम असा गेला. परदेशी पुस्तकांत हे लिहिलेलं नसतं, कारण तिकडे बोटी हिवाळ्यात बाहेर काढतात.

दुसरी गोष्ट पितळेची. बोटीच्या पाण्याखालच्या भागात भोकं असतात: इंजिन थंड करायचं पाणी आत घ्यायला, बेसिनचं आणि संडासाचं पाणी बाहेर सोडायला. प्रत्येक भोकावर एक झडप, तिला सीकॉक म्हणतात. ती कांस्याची किंवा जस्त सुटू न देणाऱ्या खास पितळेची हवी. साधं पितळ खाऱ्या पाण्यात राहिलं की त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे राहतं ते तांब्याचं स्पंज. आकार तोच, जोर काही नाही. चिंचेत फार वेळ राहिलेलं पितळेचं भांडं लालसर पडतं ते आठवा. सर्व्हेअर झडपेवर टोच्याने ओरखडा काढतो. पिवळाधमक निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर झडप बदला. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. सोसायटीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी दहा मिनिटांच्या आत रिकामी होईल, या वेगाने. यावर सर्वांत स्वस्त विमा म्हणजे प्रत्येक झडपेशेजारी दोरीने बांधून ठेवलेली लाकडी गुडदी. युरोपात छोट्या बोटींच्या झडपांसाठी वापरलं गेलेलं मानक धातू किती काळ टिकावा म्हणून सांगतं? पाच वर्षं. आपण विकत घेतो त्या बोटी वीस-वीस वर्षांच्या असतात.

तिसरी गोष्ट कीलची, जुन्या मराठीतल्या पठाणाची. आधुनिक शिडाच्या बोटीला तळाशी लोखंडाचं किंवा शिशाचं जड पातं बोल्टांनी जोडलेलं असतं. तेच तिला उलटू देत नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ ही यॉट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतत होती. अटलांटिकच्या मधोमध, नोव्हा स्कॉशियापासून सातशेहून अधिक मैलांवर, तिची कील निखळली, बोट उलटली आणि चारही खलाशी गेले. पुढे उलटा सांगाडा सापडला तेव्हा जीवरक्षक तराफा आपल्या जागी तसाच बांधलेला होता. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने काढलेला निष्कर्ष प्रत्येक मालकाने वाचावा असा आहे. बोट याआधी अनेकदा तळाला लागली होती, दुरुस्त्या झाल्या होत्या, आणि या सगळ्याचा मिळून कील जिथे जोडली जाते तिथल्या रचनेवर परिणाम झाला असावा. बोटीच्या आत मजबुतीसाठी चिकटवलेली जाळी तळापासून सुटली, तर ते वरून कळत नाही.

मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीचं पाणी कित्येक मीटर चढतं आणि तितकंच उतरतं. इथे ‘जरा गाळात टेकली होती’ हे वाक्य आपण चहा पिता-पिता बोलतो. गाळ मऊ असतो हे खरं. पण गाळाखाली काय आहे, हे टेकलेल्या बोटीला जास्त चांगलं माहीत असतं. म्हणून पुस्तकात मी एक कोरा तक्ता दिला आहे. बोट केव्हा, कुठे, किती जोराने टेकली हे त्यात लिहायचं. पुढचा सर्व्हेअर आला की तो तक्ता त्याच्या हातात द्यायचा.

सर्व्हेअरकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही सांगायला हवं. अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक परिच्छेद असतो: झाकलेले, न उघडता येणारे भाग तपासलेले नाहीत आणि ते निर्दोष आहेत असं आम्ही म्हणत नाही. लोक याला पळवाट म्हणतात. मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं. डॉक्टरने पोट दाबून बघितलं, याचा अर्थ आतडी बाहेर काढून बघितली असा होत नाही. मात्र फरशी कुणी उचलायची, टाकी कुणी रिकामी करायची, डोलकाठी उतरवायची की नाही, हे आधी ठरवून घ्या. ज्याच्या तपासणीला फरशीखाली हात घालावा लागत नाही, त्याचं बिल कमी येतं एवढंच.

‘सुहैली’ची गोष्ट इथे आठवते. जगात सर्वांत नावाजलेल्या छोट्या बोटींपैकी ही एक, आणि ती मुंबईची. कुलाब्यात सागवानात बांधलेली बत्तीस फुटी बोट. १४ जून १९६८ ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारून तिथेच परतले. असा पहिला माणूस. पण अटलांटिकमध्ये असतानाच बोटीत पाणी येऊ लागलं होतं. त्यांनी समुद्रात उडी मारून तळ बघितला, तर कीलच्या वरची फट उघडली होती. पाण्याखाली श्वास रोखून तिच्यात कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याचा बंदोबस्त करावा लागला. इतका सच्चा सर्व्हे फार थोड्या बोटींचा झाला असेल. बाकीच्यांनी आपली फट किनाऱ्यावर असतानाच शोधावी.

आता विम्याकडे वळतो, कारण सर्व्हे आणि विमा यांची गाठ जिथे पडते, तिथेच मालकाचा घात होतो. लोकांना वाटतं, सर्व्हे म्हणजे बोटीचा दाखला. माझ्या मते सर्व्हेतून आणखी एक गोष्ट ठरते: मालकाला काय माहीत होतं. आणि विम्याचा कायदा मुख्यतः त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

याची सुरुवात गमतीची आहे. तिच्यात जहाज नाही, किल्ला आहे. सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरोचे गव्हर्नर कार्टर यांनी, शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमेवाले म्हणाले, किल्ला दुबळा आहे हे तुम्ही लपवलंत. १७६६ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल कार्टर यांच्या बाजूने दिला, पण देताना जे तत्त्व मांडलं ते आजही विमा उतरवणाऱ्याच्या मानेवर आहे. धोक्याची खरी माहिती उतरवणाऱ्याकडे असते, विमेवाला त्याच्या शब्दावर विसंबतो, म्हणून दोघांनीही पुरतं प्रामाणिक राहायचं. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात हे कलम १९ मध्ये आहे. ब्रिटनने २०१५ च्या कायद्याने त्याची शिक्षा सौम्य केली. तिकडे बोट ठेवणाऱ्या मराठी वाचकांसाठी तो फरक वेगळ्या प्रकरणात मांडला आहे.

आणि मग आपल्या १९६३ च्याच कायद्यातलं कलम ४१. ठराविक मुदतीच्या पॉलिसीत बोट समुद्रात जाण्यालायक आहे अशी गर्भित हमी नसते. वाचायला बरं वाटतं. पण पुढे म्हटलं आहे की, बोट लायक नाही हे मालकाला माहीत असताना त्याने ती समुद्रात जाऊ दिली, तर त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला विमेवाला बांधील नाही. ‘माहीत असणं’ म्हणजे काय, यावर इंग्लंडच्या न्यायालयांनी बराच खल केला आहे. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत नेल्सनने आंधळ्या डोळ्याला दुर्बीण लावली आणि माघारीचा इशारा दिसलाच नाही असं म्हटलं. शंका असूनही मुद्दाम न विचारणाऱ्या मालकाला न्यायाधीशांनी तीच उपमा दिली. बघायचं टाळणं म्हणजे माहीत असणंच. आपल्याकडे यासाठी दुर्बीण लागत नाही, ‘कानाडोळा’ हा शब्द तयार आहे.

अहवालात ‘झडप क्रमांक तीन गुलाबी, त्वरित बदला’ असं आलं आणि तो अहवाल खणात गेला, तर त्या दिवसापासून ती झडप मालकाला माहीत आहे. बोट त्या झडपेने बुडाली, तर खणातला तोच कागद पुरावा होतो. आमच्या वेळी खडूचे गोल बघून एक मित्र म्हणाला, “दुसरा सर्व्हेअर बघू या, जरा समजून घेणारा.” मीही क्षणभर डळमळलो, खोटं कशाला बोला. शेवटी अहवाल होता तसा कंपनीला दिला. त्यांनी दुरुस्तीची अट घालून विमा दिला, हप्ता जरा वाढवला. त्या मित्राचं म्हणणं ऐकलं असतं, तर आम्ही हप्ते भरत राहिलो असतो आणि विमा मात्र नसता.

पॉलिसीची भाषा कंटाळवाणी असते ही तक्रार मला पूर्ण मान्य नाही. तिच्यात माणसाचा सगळा अनुभव साठलेला आहे. १९६३ चा कायदा उंदरांमुळे झालेलं नुकसान स्पष्ट शब्दांत वगळतो. साधी झीज, नेहमीची गळतीही वगळतो. जगभरातल्या अनेक यॉट पॉलिसींच्या मुळाशी लंडनची १ नोव्हेंबर १९८५ ची ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’ ही कलमं आहेत. त्यांत आउटबोर्ड इंजिन समुद्रात निसटून पडलं तर पैसे नाहीत. ते चोरीला गेलं तर आहेत, पण नेहमीच्या पकडीखेरीज आणखी कुलूप लावलेलं असेल तरच. शीड चढवलेलं असताना वाऱ्याने फाटलं तर ते तुमचं. मुरिंगचे दोर आणि साखळ्याही तुमच्याच. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कधीतरी केलेला एक चतुर दावा उभा आहे. एक अट तर मुंबईकरांनी अधोरेखित करून ठेवावी: बोट खासगी आनंदासाठीच वापरायची, भाड्याने द्यायची तर आधी तसं ठरवून घ्यायचं. गेटवेसमोर वाढदिवसाच्या पार्ट्यांना बोट देऊन हप्ता वसूल करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तारखांचा प्रश्न याहून नाजूक. आपल्या किनाऱ्यावरच्या पॉलिसीत बहुधा पावसाळ्यात बोट बाहेर काढून ठेवण्याची अट असते. ही तारीख जुन्या पंचांगावर बसवलेली आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, नौका ओढून शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा सुरुवात. पण ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि पुढच्याच वर्षी १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गेलं. १७ मे म्हणजे कागदावर बोट पाण्यात असायला हरकत नाही अशी तारीख. कॅरिबियनमध्ये हीच चूक अक्षांशाची झाली. हरिकेनच्या हंगामात बोट अमुक रेषेच्या दक्षिणेला न्या, म्हणजे विमा चालू, असं कंपन्या सांगत. ग्रेनाडा त्या रेषेखाली होतं, म्हणून बोटी तिथे जमल्या. ७ सप्टेंबर २००४ ला ‘आयव्हन’ नेमकं ग्रेनाडावरून गेलं आणि टेकूंवर उभ्या केलेल्या बोटी एकमेकींवर कोसळल्या. रेषा आणि तारखा विमेवाल्याच्या सोयीच्या असतात. मेच्या पहिल्या आठवड्यात बोट बाहेर काढली, तर तीन-चार चांगले शनिवार जातील. मी काढतो.

नुकसान झाल्यावर काय करायचं, यावर शेवटची दोन प्रकरणं आहेत. त्यांतली एकच बाब इथे सांगतो, कारण तिच्यात बहुतेक जण फसतात. ‘सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावू नका,’ असं गाडीच्या विम्याने आपल्याला शिकवलं आहे. खाऱ्या पाण्यात बुडून वर काढलेल्या इंजिनाला आठ दिवस हात न लावला, तर ते भंगारात जातं. ते त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, तेल बदलून फिरवावं लागतं. नुकसान आणखी वाढू न देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं कायदाच सांगतो, आणि त्यासाठीचा वाजवी खर्च पॉलिसीतून मागता येतो. तेव्हा कंपनीला लगेच लेखी कळवा, फोटो काढा, तुटलेला भाग फेकू नका आणि इंजिन धुवा.

या पुस्तकात हप्त्यांचे दर दिलेले नाहीत. ते दर वर्षी बदलतात. कुठल्या कंपनीची किंवा कुठल्या सर्व्हेअरची शिफारसही नाही. परवाने आणि नोंदणीचे नियम छापून होईपर्यंत बदलू शकतात, म्हणून तेवढं बंदराच्या कार्यालयात विचारून खात्री करून घ्यावी. काही शब्द मी इंग्रजीतलेच ठेवले आहेत. सीकॉकला मराठी शब्द घडवता आला असता, पण रात्री दोन वाजता पाणी आत येत असताना खलाशाला ओरडून सांगायला तो उपयोगाचा नव्हता.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक बोटीवर ठेवू नका. सर्व्हेचा अहवाल, पॉलिसी आणि टेकल्याचा तो तक्ता यांच्याबरोबर घरी, कोरड्या कपाटात ठेवा. बोट बुडाली तर तिच्यावरचे कागदही तिच्याबरोबर जातात.